बॉनेटखालचा नातू

मूल आणि मोटार, दोन्ही एकटीनं सांभाळायला अक्कल लागते आणि ती माझ्याकडे आहे, असं मी सासूबाईंना नोव्हेंबरातच फोनवर ठणकावून सांगितलं होतं! नवरा, मिचिल, हिऱ्यांच्या खाणीवर गेला होता, तो मार्चमध्येच परतणार. सासूबाईंचं म्हणणं, गाडी बर्फात पडू दे, पोराला घे आणि गावी ये. मी म्हटलं, "आई, मी याकुत्स्कात जन्मलेय! एरेल मजेत आहे, गाडी त्याहून मजेत आहे."

आणि ते खोटं नव्हतं. सैबेरियातल्या उणे एकावन्न अंशांत आमच्या अंगणातल्या गाड्या सकाळी मुडद्यासारख्या पडलेल्या असायच्या. माझी मात्र म्हाताऱ्या घोड्यासारखी एकदा खोकायची आणि सुरू! कारण माझी बॅटरी घरी झोपायची. रोज संध्याकाळी ती काढायची, चौथ्या मजल्यावर आणायची, पाळण्यापासून चार हात लांब कोपऱ्यात ठेवायची. सकाळी एरेलच्या जुन्या पिवळ्या दुलईत गुंडाळायची, वरून त्याला लहान झालेली गोंड्याची टोपी चढवायची, छातीशी धरून खाली न्यायची आणि त्याच्या छोट्या स्लेजवर पट्ट्यानं बांधून गाडीपर्यंत ओढायची. बॉनेट उघड, आत बसव, धाडकन बंद! गाडी तापली की वर जाऊन एरेलला निळ्या दुलईत आणायचं आणि मागच्या सीटवर बसवायचं. तोवर त्याच्यापाशी माझी नणंद नारिया असायची.

आठ महिन्यांचा एरेल नऊ किलोंचा, बॅटरी सोळा. दोघांत बॅटरीच शहाणी. निदान ओली तरी करत नाही! पण आई झाल्यापासून माझं असं झालंय, की गुंडाळलेलं काहीही हातात आलं की तोंड आपोआप सुरू होतं. "चला, सोनुल्या, भुर्र जायचं ना?" हे मी बॅटरीला म्हणायची. रोज.

दुसऱ्या मजल्यावर अकुलिना आजी नव्यानं राहायला आल्या होत्या. सासूबाईंच्याच गावच्या. खिडकीच्या काचेवरचं हिम अंगठ्यानं वितळवून त्यांनी एक भोक पाडलं होतं आणि त्या भोकातून अख्खं अंगण चालवत होत्या. बाहेर गाड्यांच्या धुराचं धुकं असं, की माणूस दिसायच्या आधी त्याची टोपी दिसावी. त्या धुक्यातून आजींना रोज काय दिसायचं? मी दोन बाळं खाली आणते. निळ्या बाळाला सीटवर बसवते. पिवळ्या बाळाशी लाडानं बोलते आणि त्याला बॉनेटखाली कोंबते!

गुरुवारी सासूबाईंचा फोन.

"सूनबाई, तुला मुलं किती?"

"म्हणजे? एक!"

"नीट आठवून सांग."

"आई, आठवायला मुलं काय चमचे आहेत? एकच!"

"बरं. शनिवारी येते. आणि नातवाला घेऊन जाते. नातवंडं जितकी असतील, तितकी घेऊन जाते."

फोन बंद! एरेल नुकताच भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. माझ्याशिवाय चार महिने? त्याचं पहिलं पाऊल मी फोनवर बघायचं? "वहिनी, आईला काहीतरी संशय आलाय," नारिया म्हणाली. "तुझ्या गाडीवर भरवसा नाही तिचा." मलाही तेच वाटलं. मग मी ठरवलं, शनिवारी तापलेल्या गाडीतून त्यांना आणायला स्टँडवर जायचं. गाडी ऊबदार, पोर गुटगुटीत, बोलायला जागाच नाही!

शनिवारी मी बॅटरीला स्लेजवर ठेवलं आणि घाईत पट्टा बांधायची विसरले. अंगणात गरम पाण्याची नळी फुटून बर्फाचा उतार झाला होता. माझा पाय सरकला, दोरी सुटली आणि स्लेज निघाली सुसाट! वाटेत ढेकळाला आदळली, पिवळी दुलई हवेत उडाली आणि फाटकाशी बर्फात धप्पकन पडली.

"अगं बाई! आज तर फेकलंच!" वरून अकुलिना आजींची किंकाळी.

नेमकी त्याच वेळी गावची गाडी स्टँडऐवजी थेट आमच्या फाटकापाशी थांबली होती, तासभर लवकर. गोठलेल्या माशांचं आणि गोठवलेल्या दुधाच्या चकत्यांचं पोतं टाकून आमच्या सासूबाई, वय सदुसष्ट, लांडग्यासारख्या झेपावल्या. सोळा किलोंचं गाठोडं एका दमात छातीशी!

"आई, अहो, ती—"

"तोंड उघडू नकोस! आठ महिने लपवलंस माझ्यापासून याला!" मग आवाज एकदम मऊ. "माझं पाखरू गं... बघ तरी, रडतसुद्धा नाही बिचारं. सवय झाली असेल."

आमच्याकडे आज्या नातवंडांचा मुका घेत नाहीत, हुंगतात. सासूबाईंनी टोपीखाली नाक खुपसलं आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. डोळे उघडले. पुन्हा हुंगलं.

"सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "याला आंघोळ कधी घातली होतीस?"

मी दुलई सोडली. काळी पेटी, दोन टोकं, एक लाल, एक काळं. सासूबाईंनी वाकून पाहिलं. तेवढ्यात अकुलिना आजी शाल ओढत खाली आल्या, त्यांनीही डोकावलं आणि म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते, चेहरा बापावर नाही गेला."

मी धाप लागेपर्यंत सगळं सांगितलं. पण या भानगडीत बॅटरी अर्धा तास उघड्यावर पडली होती. "बरं, गाडी तर सुरू करून दाखव," सासूबाई म्हणाल्या. मी बॅटरी बसवली, किल्ली फिरवली. कट्. पुन्हा कट्. नंतर तेही नाही! स्टिअरिंगवर डोकं टेकून मी मनातल्या मनात एरेलचे गरम मोजे पिशवीत भरायला लागले.

सासूबाईंनी बॉनेट उघडलं, बॅटरी सोडवली, स्वतः दुलईत गुंडाळली, टोपीसुद्धा घातली आणि चार मजले चढल्या. वर नारियाच्या कडेवर एरेल जागा होता. त्याला हुंगलं, इतका वेळ, की तो शिंकला. मग दुधाचा चहा ओतून घेतला.

"पोर चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्यापासून तोडायचं नाही त्याला."

मला रडूच आलं! "आई, म्हणजे आम्ही इथेच?"

"इथेच. मीही इथेच. मार्चपर्यंत."

बॅटरी तापल्यावर त्यांनी किल्ली मागितली. गावात त्यांनी वीस वर्षं दुधाचा ट्रक चालवला होता, हे मला मिचिलनंही कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या हाताखाली गाडी खोकलीसुद्धा नाही!

तेव्हापासून ती एकदाही बंद पडलेली नाही. पुढे सासूबाई आणि अकुलिना आजी बसतात, मागे एरेल, नारिया आणि बाजाराच्या दोन पिशव्या. मी बसनं जाते.