जिभेला इस्त्री करणारे गुरुजी

कुत्रा मागं लागल्यावर माणूस काय ओरडेल? 'आई गं' नाहीतर 'मेलो, मेलो!' आमच्या शेजारचे वाघमारे गुरुजी म्हसळ्याच्या भर बाजारात पायजमा सावरत पळाले आणि ओरडले, "कृपया आपला कुत्रा आवरावा!" कुत्रं बिचारं थबकलंच. खोटं नाही सांगत!

रिटायर झाले, पण गुरुजींची शाळा काही सुटली नाही. कोळीण म्हणाली, "बोंबील ताजं हायत," की हे लगेच, "ताजे आहेत! बाई, जिभेला इस्त्री करा!" ती कसली ऐकते? "आधी बोंबलांना करते गुरुजी, मग जिभेला!" अख्खा बाजार खो खो हसला. माझ्या 'न्हाय'पायी तर मी रोज बोलणी खाते.

आणि हे स्वतः कातकरी आदिवासींच्या वाडीवरचे! पण कातकरी बोलीतला शब्द तोंडातून काढतील तर शपथ. मुलाला शिकवली नाही, नातीला नाही. नात प्राचीला नेमकी वाडीवरच्याच अंगणवाडीत नोकरी लागली. पोरं तिचं शहरी मराठी ऐकून बुजायची, रडत घरी पळायची. "आजोबा, त्यांच्या बोलीत नुसतं 'या, बसा' तरी शिकवा," म्हणून ती रोज मागं लागायची. "विसरलो," हे गुरुजींचं ठरलेलं उत्तर.

परवा मी त्यांच्याकडे कालवण द्यायला गेले, तर प्राची रडवेली होऊन बसलेली. "आज एकही पोर आलं नाही. उद्यापासून मीही जात नाही, आजोबा."

गुरुजी उठून येरझाऱ्या घालायला लागले. "बोर्डिंगात आम्हाला," ते म्हणाले, "आपल्या बोलीतला एक शब्द, की एक छडी. तुझ्या बापाला ती बसू नये म्हणून..." 

मग घसा खाकरून कातकरी बोलीत एक वाक्य बोलले. मला कळलं काहीच नाही, पण गुरुजींचा इतका मऊ आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. अंगावर काटाच आला माझ्या! प्राची तर टाळ्या पिटत नाचायलाच लागली. "आजोबा, परत! परत बोला ना!"

 गुरुजींचा उजवा हात आपोआप पुढं आला होता. तळवा वर, डोळे घट्ट मिटलेले. सत्तरी ओलांडलेला माणूस हो!

प्राचीच्या टाळ्या थांबल्या. तिनं तो तळवा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तेच वाक्य चुकतमाकत म्हटलं.

गुरुजींनी डोळे उघडले आणि तिला पुढचं वाक्य सांगितलं.