मशीनमधली शेपटी

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटू नका हं, नाहीतर पुढचं वाचणार कसं? तर, तुम्ही आईबाबांबरोबर परदेशात राहायला गेला आहात. नव्या शाळेत तीन महिन्यांत तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. आणि आज दुपारी चारला शाळेच्या नाटकात तुम्ही खार आहात! वाक्य एकच, पण तिकडच्या भाषेतलं. आणि खारीची शेपटी? ती अडकलीय कपडे धुवायच्या मशीनमध्ये!

बिट्टीचं अगदी असंच झालं.

शेपटी तिच्या मामाने विणली होती. हातभर लांब, लोकरीची, झुपकेदार. मामा मायदेशाहून पाहुणा आला होता. सकाळी शेपटीवर दूध सांडलं. "आण इकडे, अर्ध्या तासात चकाचक!" म्हणत बाबांनी ती मशीनमध्ये टाकली. मशीन दोनदा गुरगुरलं आणि पोटभर पाणी पिऊन गप्प बसलं. दार उघडेना. गोल काचेआड शेपटी माशासारखी तरंगत होती.

"बाबा, आता?" बिट्टीचा आवाज रडवेला झाला.

बाबा मात्र खुशीत! "काळजीच नको! बघाच मेहुणेबुवा, इकडची सेवा कशी असते. आपला मेकॅनिक 'येतो' म्हणतो आणि उगवतो तो थेट मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन! इकडे एक फोन, काम फत्ते!"

बाबांनी कंपनीला फोन लावला. फोन म्हणाला, एक दाबा. मग चार दाबा. मग सात. मग पुन्हा एक. शेवटी एक गोड आवाज आला, "आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. आपल्या पुढे एकतीस जण आहेत." आणि व्हायोलिन सुरू झालं.

"ऐकलंत? मोलाचा म्हणाले!"

"आणि एकतीस जण, ते?" मामाने विचारलं.

"शिस्त आहे ती, शिस्त!"

तासाभराने पुढे एकोणीस जण होते. दोन वाजता नऊ. व्हायोलिनवाला तोच तुकडा असा घोटत होता, जणू त्याचीच उद्या परीक्षा!

मामाला राहवेना. त्याने आपल्या फोनवरून गावाकडच्या मेकॅनिकला गाठलं.

"मशीन अडकलंय हो! दार उघडत नाही!"

"दहा मिनिटांत आलोच साहेब! गाडीला किक मारली बघा!"

"अहो, मी परदेशात आहे!"

"हो का? मग वीस मिनिटं धरा."

बाबा पोट धरून हसले. पण मेकॅनिक पक्का होता. "बरं, मशीनचं तोंड दाखवा," तो म्हणाला. मामाने फोनचा कॅमेरा मशीनपुढे धरला. समुद्रापलीकडून एक मिशाळ चेहरा, डॉक्टर रोग्याची जीभ बघतो तसा, मशीनकडे बघू लागला.

"खाली कोपऱ्यात छोटं झाकण आहे. ते उघडलं की आत बूच दिसेल."

"दिसलं!" बाबा आडवे झाले.

"आता ते फिरवायच्या आधी..."

बाबांनी ते फिरवलं.

"...खाली परात ठेवा म्हणत होतो मी!"

पाणी असं उसळलं, की बाबांचा शर्ट, मामाची विजार आणि दारातलं पायपुसणं एकदमच न्हालं! एक चप्पल होडीसारखी दिवाणखान्याकडे निघाली. बुचामागून निघालं एक बटण. बाबांच्याच कोटाचं!

"आता झाकणाआडची दोरी ओढा," मेकॅनिक शांतपणे म्हणाला. खट्! दार उघडलं.

बिट्टीने शेपटी बाहेर काढली. गरम पाण्याने ती आटून वीतभर झाली होती आणि ब्रशसारखी ताठ उभी होती.

"खारीची शेपटी ताठच असते," मामा घाईघाईने म्हणाला.

बाबा मान खाली घालून फरशी पुसू लागले. तेवढ्यात कपाटावर ठेवलेल्या त्यांच्या फोनमधलं व्हायोलिन थांबलं.

"नमस्कार! मी आपली काय मदत करू?"

बाबांनी मामाकडे बघितलं, मामाने छताकडे. फोन उचलला तो बिट्टीने. तीन महिने पोटात साठवलेली तिकडची भाषा हळूहळू बाहेर आली.

"दार उघडलं. पण ताई, तुम्हाला थोडा वेळ आहे का?"

"आहे ना. बोल."

"मला आज नाटकात एक वाक्य म्हणायचंय. मला भीती वाटते. ऐकाल?"

बाबांच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. बिट्टीने डोळे मिटले आणि म्हटलं, "थंडी आली तरी घाबरू नका, माझ्या ढोलीत सगळ्यांना जागा आहे!"

पलीकडे टाळ्या वाजल्या. "अगं, किती छान! पुन्हा म्हणतेस? थांब, शेजारच्या टेबलावरच्यांनाही बोलावते!"

"बिट्टी, अगं, तू तर..." बाबा बोलू लागले.

"श्श!" बिट्टी म्हणाली. तिने ओली शेपटी फ्रॉकला अडकवली, स्टूल ओढून त्यावर चढली, आणि शेवटच्या टेबलापर्यंत पोचेल अशा आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली.