भागूबाईने साक्ष नाकारिली ती हकीकत

श्री. ज्याच्या दोन चोचींखाली हे राज्य उबले त्या आद्य गंडभेरुंडास नमन करोन, पक्षिशक तीनशे नऊ, माघमासी जे वर्तले ते लिहिले असे.

ते समयी खिंडीची चौकी रुद्राजीराव हिंगणीकर यांजकडे. लढाई जुंपली असता धाकटा भाऊ रणी घायाळ पडला ऐसे कळले, आणि राव चौकी सोडोन धावले, आणि भाऊ वाचविला, आणि मागे गनीम शिरोन खालचा गाव जाळोन गेला. मग दरबारी राव बोलिले, "आम्ही जागचे हललो नाही." चौकीवर कन्या भागूबाई होती, तिणे सर्व पाहिले, सबब महाराजांनी तीस साक्षीस बोलाविले.

रिवाज ऐसा की, साक्षीदाराने गंडभेरुंडाच्या अंड्यावर हात ठेवोन बोलावे. बोल लटका असल्यास आतले पिल्लू मरे. राज्यात अंडे एकच उरले, आणि तेही थंडीभर बाईनेच आपल्या गोधडीत उबविलेले. खरे बोलावे तर बाप सुळी जातो, खोटे बोलावे तर पिल्लू जाते.

राव हळूच म्हणाले, "भागे, घराण्यासाठी एक शब्द."

"आबा, घराणे ठाऊक आहे मला. पण हे आतून टोचा मारते आहे, त्यास काय सांगू?"

मग बाई पुढे होऊन बोलिली, "महाराज, बापावर बोट दाखवीत नाही, आणि अंड्यावर लटका हात ठेवीत नाही. साक्ष नाकारिल्यास मस्तक द्यावे ऐसा कायदा, ते घ्यावे." आणि मान वाकविली, आणि तलवारीस अडचण नको म्हणोन वेणीही आपणच बाजूस सारिली. धन्य ती!

ते पाहोन रावांचा धीर सुटला, आणि अंड्यावर हात ठेवोन गर्जले, "चौकी म्यां सोडिली! पोरीस हात लावाल तर खबरदार!" महाराजांस खबरदार म्हणणारा हा पहिलाच. तोच कवच तडकले, आणि पिल्लू बाहेर आले, आणि दोन्ही चोचींनी रावांची मिशी धरिली ती सोडीचना.

महाराज म्हणाले, "यास सुळी द्यावे तर पिल्लाने ओढावी कोणाची मिशी?" मग चौकी बाईस दिधली, राव पिल्लाच्या तैनातीस नेमिले. राव रोज लेकीस मुजरा करीत. पहिल्या दिवशी मान अवघडली, तेव्हा बाई म्हणाली, "पुरे आबा, खांद्यावरले पिल्लू पडेल."

सारांश इतकाच: पुढे भाऊ घोड्यावरोन पडला, तेव्हा राव आधी चौकीवर गेले आणि लेकीची रजा मागितली. लेकीने पिल्लापाशी त्यांचे जागी दुसरा माणूस उभा केला, मग म्हणाली, "जा आबा, धावत जा." राव धावले.