कापसाची गाडी पुढे कुठे गेली?

"बाई, गाणं ऐकता ऐकता सगळे झोपून गेले, तर बक्षीस मिळणार की शिक्षा?"

हा प्रश्न संगीताच्या बाईंना भर वर्गात उभं राहून विचारायचा, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. आणि भोंग्याने तो विचारला! भोंगा म्हणजे आपली नायिका. गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीला इतकं हळू उत्तर द्यायची की बाई तिची गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या. मग एक दिवस वर्गात छतावरून पाल पडली, ती थेट हिच्या दप्तरावर. ही जी किंचाळली! शेजारच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. त्या दिवशी तिला स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला आणि भलताच आवडला. तेव्हापासून तोंडाला कुलूप नाही. एक आजोबांची 'ठमे' सोडली, तर घरीदारी सगळे तिला भोंगाच म्हणतात, आणि ती हाक कुणी विसरलं तर तीच आठवण करून देते.

आता संगीताच्या बाई म्हणजे काही साधं प्रकरण नव्हे. त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी पेटीचे सूर आपोआप खाली येतात. शाळेच्या कार्यक्रमात यंदा त्यांनी 'घरून आलेलं गाणं' अशी स्पर्धा ठेवली होती. गाणं घरातल्या माणसाच्या तोंडून शिकलेलं हवं, फोनमधलं नको, पुस्तकातलं नको.

"तुझं कुठलं गाणं?" बाईंनी विचारलं.

"अंगाई, बाई! आजोबा म्हणतात. त्यांना त्यांच्या आईने म्हटलेली!"

"पूर्ण येते?"

"पूर्ण? बाई, मला झोपेतसुद्धा येते!"

"झोपेत नको. जागेपणी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. अर्धवट गाणं म्हणजे एका बाहीचा सदरा. तो मी स्टेजवर चढू देणार नाही."

"लिहून घ्या बाई! दोन्ही बाह्या, कॉलर आणि वर खिसा!"

वर्ग हसला. भोंगा विजयी वीरासारखी खाली बसली. घरी येताना ती रस्त्याने मोठमोठ्याने म्हणत निघाली:

"कापसाची गाडी निघाली हळू,
चाकांनो चाकांनो, नका कुरकुरू..."

मग गाडीत मांजर चढली. मग शिंपी चढला:

"शिंप्याची सुई हरवली कुठे?
शोधता शोधता पापणी मिटे..."

आणि पुढे? भोंगा भर रस्त्यात थांबली. मागून येणारा सायकलवाला तिला चुकवताना खांबाला भेटून आला. पुढे काय? पुढे काहीच नाही. पुढे डायरेक्ट सकाळ!

बाबा घरी येऊन हातावरचं काळं ग्रीस घासत होते. दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट वरखाली करतात ते.

"बाबा, कापसाची गाडी पुढे कुठे जाते?"

"कुठे म्हणजे? मांजर चढते."

"आणि मग?"

"मग काय! मग उठून दात घासायचे."

म्हणजे हे मांजरापर्यंतच! भोंग्याने लगेच आत्याला फोन लावला.

"तुझा बाप?" आत्या फोनमधून खिदळली. "मांजरीला नीट बसायला जागा मिळायच्या आत घोरायचा तो! मी मात्र शिंप्यापर्यंत जागी असायचे."

"खोटं!" बाबा साबणाच्या हातांनी फोनवर झेपावले. "ताई, तू शिंप्याचं नावसुद्धा ऐकलेलं नाहीस! मी सांगितलं तुला!"

"तू? झोपेत सांगितलंस?"

पन्नाशीला आलेली दोन माणसं कोण जास्त वेळ जागं होतं यावरून भांडत राहिली. भोंगा आईकडे वळली. आई चष्म्याच्या दुकानातून नुकतीच आली होती.

"मला काय विचारतेस?" आई म्हणाली. "मला कुणी झोपवलंय या घरात? मी आले तीच मोठी होऊन आले!" हे ती हसत म्हणाली, पण पर्स खुंटीला लावताना तिची नजर आजोबांच्या खोलीकडे गेली.

मग उरले आजोबा. आजोबा बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी अजूनही कुणी दारात रेंगाळलं की "पुढे सरका" म्हणतात.

"आजोबा, अंगाई सांगा ना सगळी. मी उतरवून घेते."

"ती सांगता येत नाही गं, ठमे. हाताखाली कुणीतरी लागतं. थोपटायला लागलो की ओळ येते. हात थांबला की गाडी थांबली."

"मग उशी घ्या!"

आजोबांनी उशी मांडीवर घेऊन थोपटून पाहिली. मांजरापाशीच अडले. "नाही जमत. उशीला झोप येत नाही. मग पुढचं कडवं कधी घ्यायचं, ते मला कसं कळणार?"

म्हणजे मांडीवर डोकं ठेवायचं भोंग्यानेच, आणि जागंही राहायचं भोंग्यानेच! त्यात काय अवघड आहे? रविवारी दुपारी तिने जय्यत तयारी केली. पाय गार पाण्याच्या बादलीत, दोन्ही कानांना कपड्यांचे चिमटे, पोटात दोन कप कडक कॉफी, आणि उशाशी फोन, रेकॉर्डिंग चालू. आई सहज म्हणून कपड्यांच्या घड्या घालायला दारात येऊन बसली. आजोबांचा जाडजूड हात कपाळावर आला, आणि...

...आणि दिवेलागणीला भोंगा उठली ती कुणाच्या तरी घोरण्याने. बादली आडवी. खोलीचं तळं. आई घड्यांच्या ढिगात डोकं खुपसून गाढ. आणि दाराजवळच्या खुर्चीत चक्क खालच्या मजल्यावरच्या काकू, तोंड उघडं टाकून! त्यांच्या छतातून पाणी गळायला लागलं म्हणून त्या भांडायला आल्या होत्या. आजोबा तोंडावर बोट ठेवून "बसा, पोर झोपतेय" म्हणाले असणार. त्या बसल्या. झालं!

रेकॉर्डिंग ऐकलं. शिंप्यानंतर एक राणी चढली होती! भोंगा आनंदाने ओरडलीच:

"राणी रुसली, बोलेना कुणाशी,
कापसाची घडी घेतली उशाशी..."

आणि त्यापुढे घोरणंच घोरणं. भोंग्याचं बारीक शिट्टीसारखं, आईचं लाजत लाजत, काकूंचं मिक्सर फिरावा तसं, आणि या सगळ्यांच्या खाली, इंजिनासारखं, खुद्द आजोबांचं!

"पुरे की राणीपर्यंत," आजोबा घाईघाईने म्हणाले. "छान आहे राणी."

"छान काय! बाई म्हणाल्यात शेवटपर्यंत! आजोबा, तुम्ही स्टेजवर चला माझ्याबरोबर. एवढे दिवे, माईक, समोर अख्खी शाळा. तिथे कोण झोपणार आहे?"

आजोबा काहीतरी बोलणार होते. पण भोंग्यापुढे बोलायला फट सापडली तर ना!

कार्यक्रम दुपारी होता, जेवणानंतर. सभागृहाचे पडदे ओढलेले, पंखे घरघरतायत. स्टेजवर सतरंजी, तिच्यावर इस्त्रीच्या शर्टातले आजोबा, आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलेली एवढी मोठी घोडी. मुलं फिदीफिदी हसली. आजोबांनी थोपटायला सुरुवात केली.

"मांजरीने विचारलं, जागा आहे का?
कापसात कापूस झाली, दिसते का?"

हसणं थांबलं. शिंप्याची सुई हरवली, आणि पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिका पाहुण्यांच्या खांद्यावर कलंडल्या. पाहुणे आधीच पलीकडे कलंडले होते. राणी रुसली, आणि रांगाच्या रांगा वाऱ्याने पडलेल्या पिकासारख्या आडव्या! पैज लावणाऱ्या मैत्रिणी पडद्याला टेकून उभ्या होत्या. त्या पडद्यासकट हळूच खाली बसल्या. माईकवाल्या दादाचं डोकं बटणावर पडलं आणि माईकच बंद झाला. बाबा आईच्या खांद्यावर, आई बाबांच्या डोक्यावर. आणि संगीताच्या बाई! चषक मांडीत घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान तालात मागेपुढे.

भोंग्याला हसू आवरेना. ओठ चावून चावून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या हसण्यापायी झोप जी उडाली ती उडालीच! ती जागी होती. आजोबांनी हे पाहिलं. त्यांचा हात किंचित अडखळला. तरी त्यांनी पुढचं कडवं घेतलं, आजवर या घरात कुणी न ऐकलेलं:

"वळणावरती वारा बसला, दमले त्याचे पाय,
वळणाच्या त्या पलीकडे दिसतंय तरी काय?"

आणि हात थांबला.

"काय दिसतंय?" भोंगा कुजबुजली. "आजोबा, म्हणा ना! मी जागी आहे!"

"तेच तर झालं ना, ठमे." आजोबांचा चेहरा बिनतिकिटाच्या प्रवाशासारखा झाला होता. "पुढचं मलाही येत नाही."

"काय?"

"माझी आई इथवर यायची. हा वारा बसला की माझे डोळे मिटायचे. ती पुढे म्हणायची, मला झोपेत नुसता आवाज यायचा. शब्द नाही. सकाळी विचारलं की म्हणायची, आज जागा राहा, कळेल. रोज ठरवायचो. मग एका वर्षी ती आजारीच पडली, आणि... राहिलं ते." समोर अख्खी शाळा घोरत होती. आजोबा त्यांच्या डोक्यांवरून लांब कुठेतरी बघत होते. "आयुष्यभर बसमध्ये फिरलो. प्रत्येक वळणाला वाटायचं, बघू, इथे असेल. कुठे गेली असेल गं ती गाडी?"

भोंग्याने आजोबांचा थांबलेला हात उचलून परत आपल्या कपाळावर ठेवला.

तेवढ्यात बाईंच्या मांडीतून चषक सटकला. ठण्ण! अख्खं सभागृह दचकून जागं झालं, आणि पुढच्याच क्षणी टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका! जो आधी टाळी वाजवेल तो जागा होता असं ठरणार ना! मुख्याध्यापिका तर उभ्या राहून वाजवत होत्या.

"वा! विशेषतः शेवट!" बाई चष्मा सावरत स्टेजवर आल्या. "किती तृप्त करणारा शेवट! याला म्हणतात पूर्ण गाणं!"

"बाई, पण शेवट..."

"अप्रतिम!" पाहुणे म्हणाले. त्यांच्या गालावर खुर्चीची जाळी उमटली होती.

बक्षीस भोंग्यालाच मिळालं.

घरी येऊन चहा हातात आला तरी बाबा बोलायचे थांबलेच नाहीत. "काय तो शेवट! गाडी नदीकाठी पोचते, आणि सगळे कापसावर बसून पाण्यावरून जातात! माझ्या अंगावर काटा आला!"

"नदी कुठली?" आई म्हणाली. "गाडी घरी येते. अंगणात दिवा असतो. तुम्ही झोपला होता!"

"मी? आणि तू?"

"माझा खांदा बघा! अजून ओला आहे तुमच्या लाळेने!"

भोंगा आता सगळं सांगून टाकणार होती. पण तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबा चहाची बशी हातात तशीच धरून, लहान मुलासारखे पुढे झुकून ऐकत होते.

"नदीला पाणी किती होतं रे?" त्यांनी बाबांना विचारलं. मग आईकडे वळले. "आणि सूनबाई, त्या दिव्यापाशी... कुणी उभं होतं का?"

आई गडबडली. तिने बाबांकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "होतं की, मामंजी," ती हळूच म्हणाली. "कुणीतरी वाट बघत होतं. चेहरा नाही दिसला, पण वाट बघत होतं."

"हं," आजोबा म्हणाले. चहा त्यांनी तसाच खाली ठेवला आणि खोलीत जाऊन आडवे झाले.

भोंगा मागोमाग गेली. उशाशी बसली. त्यांच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला आणि थोपटायला लागली. आवाज एवढा हळू काढला की गेल्या वर्षीच्या हजेरीतसुद्धा ऐकू आला नसता.

"चढली का मांजर?" आजोबांनी डोळे मिटून विचारलं.

"चढली."

शिंप्याला सुई सापडायच्या आत त्यांचं तोंड अर्धवट उघडलं आणि श्वास जड झाला. मग भोंगा बाहेर आली. नदी आणि दिवा यांची लढाई अजून चालूच होती.

"आईबाबा, ऐका!" भोंगा म्हणाली. "मी ठरवलंय. आजपासून आजोबांना रोज मी झोपवणार. अभ्यास, परीक्षा, काही असो. ज्या दिवशी ते वळणापर्यंत जागे राहतील, त्या दिवशी वळणाच्या पुढचं म्हणणार!"

"पुढचं तुला येतं ना पण?" बाबांनी विचारलं.

"नाही येत! पण आज ते शिंप्यापाशीच गारद झाले, म्हणजे मला वेळ आहे. तेवढं तुम्ही भांडण मिटवू नका. मला नदीही लागणार आहे आणि दिवाही!"