गुणावर जकात नाही

आगरदांड्याच्या धक्क्यावरच्या जकातनाक्याचे नाकेदार बाळकोबा संतापले की हनुवटी कुरवाळत. दाढी नव्हती, रोज तुळतुळीत करत. पण मचव्याचे मालक कासमभाई राग आला की दाढी कुरवाळून थंड होतात, हे बाळकोबांनी पाहिलं आणि लगेच उचललं. पहिल्या दिवशी खुद्द कासमभाईंनीच विचारलं, "या अल्ला! बाळकोबा, दाढ दुखते का?"

बाळकोबा मूळचे जमदग्नीचा अवतार. नाक्यावर ओरडले की खाडीपलीकडे दिघीत माणसं मान वर करत. बायकोवर, म्हणजे माईंवर, तर रोजच. आमटीत मीठ जास्त म्हणून, आणि कमी म्हणूनही. शेवटी माई तळे गावी, माहेरी निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "आधी त्या रागाचं काहीतरी करा. मग निरोप धाडा, येईन."

तेव्हापासून या गृहस्थाने गुण गोळा करायचा सपाटाच लावला. मी शेजारी, त्यामुळे व्याख्यान मलाच. "अहो अण्णा, ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. मग चांगल्याशेजारीच बांधून घ्यावं की! गुणावर जकात नाही."

विचार उत्तम. पण जन्म गेला गोणी तोलण्यात. गुण सुटा मिळत नाही, बारदानासकटच घ्यावा लागतो, हा त्यांचा सिद्धांत. हेडमास्तर शांत आणि ते तपकीर ओढतात; सबब बाळकोबाही ओढू लागले. वैद्यबुवा कशालाही "हॅ हॅ, होतं असं" म्हणतात, तेही घेतलं. मग काय विचारता! सुपारीच्या गोणीचं वजन कोणी कमी सांगितलं, की नाकेदारसाहेब हनुवटी कुरवाळणार, तपकीर ओढणार, धडाधड शिंकणार आणि डोळे पुसत "हॅ हॅ, होतं असं" करणार. कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत उभ्या. "भाऊ, आज राग येनार न्हाय काय?"

येत होता. मान तशीच लाल होत होती. तरी त्यांनी तळ्याला निरोप धाडला.

माई बैलगाडीतून उतरल्या तेव्हा मी त्यांच्या ओसरीवरच होतो. त्यांनी दारातूनच आत नजर टाकली आणि उभ्या उभ्या कडाडल्या, "ही काय घराची दशा! माणसं राहतात इथं की म्हशी?" संसारात त्यांचा आवाज असा पहिल्यांदाच चढला असेल.

बाळकोबांची मान लालबुंद झाली. हात हनुवटीकडे गेला, खाली आला. तपकिरीची डबी चाचपली, तशीच ठेवली. मी म्हटलं, झालं! आता तोंड सुटणार आणि माई आल्या गाडीने परत जाणार.

बाळकोबा मुकाट्याने आत गेले. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून माईंपुढे ठेवला, आणि भिंतीशी मान खाली घालून बसले.

गुण गोळा करण्याची ही कीर्ती तळ्यालाही पोचली असावी. माईंनी विचारलं, "हे कुणाचं उचललंत?"

"तुझं," ते पुटपुटले. "मी ओरडून दमलो की तू असंच आणून ठेवायचीस. किती जड जातं गं हे!"

माईंनी पदराने डोळे टिपले, पाणी प्यायलं आणि गाडीवानाला हाक मारली, "बोचकं उतरव रे."