गुलाबरावांचा डच प्रभाव

आजच्या कलेवर पाचशे वर्षांपूर्वीच्या डच अद्भुत चित्रकलेचा खोल प्रभाव आहे, हे कोणताही सुशिक्षित माणूस मान्य करतो. (अशिक्षिताला कुणी विचारत नाही.) माशाच्या तोंडाची माणसं, अंड्यात राहणारी भुतं, पाय फुटलेले कान, वा, कला म्हणतात ती हीच.

लक्ष्मीबाई नगरातले अवर सचिव गुलाबराव यांना मात्र या प्रभावाची काहीच सूचना प्राप्त झाली नव्हती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला भेट म्हणून त्यांनी बायकोचं, भानुमतीचं, चित्र काढायला घेतलं. अकरा रविवार खपले. नाक चुकलं म्हणून लांबवलं, तर त्याची चोच झाली. पोटाचं अंडं झालं. मांडीवरचं मांजर पापलेटासारखं दिसू लागलं. प्रेमाचं असं मातेरं झालेलं पाहून बिचाऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते चित्र फाडणार, तेवढ्यात नगरातल्या कला मंडळाच्या प्रदर्शनासाठी चित्रं निवडणारा नीरज टपकला. "काका, यार, हे तर बिल्कुल डच!" त्यानं अर्ज पुढे केला. अर्जात 'प्रभाव' नावाचा रकाना होता. तीस वर्षांच्या नोकरीत गुलाबरावांनी रकाना कधी रिकामा सोडला नव्हता. त्यांनी 'डच' असं लिहून सही केली.

चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. उद्घाटनाला सदतीस रसिक होते, पैकी छत्तीस माना हलवत होते. (सदतिसाव्याच्या मानेला पट्टा होता.)

"ही राक्षसीण काय डच आहे हो!" वैभवी नावाच्या परीक्षक बाई म्हणाल्या.

भानुमती बराच वेळ चित्रासमोर उभी होती. "अहो, ही मी का?" तिनं हळूच विचारलं. "लग्नातला माझा निळा शालू दिसतोय अंगावर."

गुलाबरावांनी आधी बक्षिसाकडे पाहिलं, मग बायकोकडे. हो म्हणावं तर बक्षीस जाणार, नाही म्हणावं तर पंचवीस वर्षं.

"तूच आहेस," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "मला चित्र काढता येत नाही गं."

मग नीरजनं टाळ्या वाजवल्या. "हा विनयसुद्धा अस्सल डच!" छत्तीस माना पुन्हा हलल्या.

"अच्छा," भानुमती डोळे पुसत वळली, "तुमच्यापैकी कुणी एक तरी डच चित्र पाहिलंय?"

सगळ्यांनी आपापले फोन काढले.

"घरी चला," ती नवऱ्याला म्हणाली. "नाक तेवढं नीट करून द्या."

हे लिहिणाऱ्यानंही एकही डच चित्र पाहिलेलं नाही. पण वाचकहो, तुम्ही हसू नका. पहिल्या वाक्याला तुम्हीही मान हलवलीत, आणि तेव्हा तर टाळ्या वाजवायला नीरजही नव्हता.