कळकळ नापास

आमच्या सोसायटीच्या बोर्डावर मी सकाळी नोटीस लावली की दुपारच्या आत तिच्यावर लाल पेन्सिलीचा गोल पडतो. गोल एकाच शब्दाभोवती, ‘कळकळीची’. बाजूला शेरा: नापास. पुढच्या ‘विनंती’ला मात्र धक्का नाही.

हे तळमजल्यावरच्या भास्करकाकांचं काम. मी मरोळच्या या चार मजली बिल्डिंगची सेक्रेटरी. पगार नाही, शिव्या भरपूर. काका मूळचे मढचे कोळी, पण उभ्या जन्मात जाळं टाकलं नाही. इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत तयार माल तपासायचे. मापाचं गेज लावायचं, माल त्यात बरोबर बसला तर पास, नाही तर लाल खूण. कारखाना बंद पडला आणि ती लाल पेन्सिल आमच्या नशिबी आली.

“शब्दाला गेज लावलंस का?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. टाकी धुण्याच्या नोटिशीवरून मी तावातावाने भांडायला गेले, तर मलाच स्टुलावर बसवून त्यांनी उलटतपासणी घेतली. लिहिताना माझी झोप उडाली होती का? घास घशात अडकला होता का? नव्हता ना, मग टाकीला नुसती विनंती पुरते.

“कळकळ म्हणजे आतून भाजतं,” छातीवर बोट आपटत ते म्हणाले. “टाकीपायी तुझं काय भाजलं गं?”

माझं डोकं भाजलं होतं, पण ते त्यांच्या गेजात बसलं नसतं.

नाक्यावर एका पुढाऱ्याच्या बॅनरवर ‘कळकळीचा कार्यकर्ता’ असं छापलं होतं. काका तिथे स्टूल घेऊन गेले आणि गोल मारून आले. भांडायला चारजण आले ते सोसायटीत, आणि हात जोडायला कोण? मी. माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेतल्या ‘अगत्या’पुढेही त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. लग्नात पोटभर जेवले, दुसऱ्या दिवशी पत्रिका घेऊन आले आणि माझ्यासमोर ते प्रश्नचिन्ह खोडलं. मी काय, आभार मानायचे?

गेल्या महिन्यात बिल्डिंगीत नवंच सुरू झालं. सकाळी साडेसहाला कोणीतरी प्रत्येक मजल्यावरच्या बेली वाजवायचं आणि झोपेतून उठून दार उघडेपर्यंत गायब. सगळे माझ्यावर घसरले. मी रागारागाने नोटीस लावली, की बेल वाजवणाऱ्याने हा चावटपणा थांबवावा ही कळकळीची विनंती, अन्यथा पोलिसांत तक्रार करू. काका बराच वेळ नोटिशीपुढे उभे होते. संध्याकाळी पाहिलं तर गोल नाही, शेरा नाही. चार वर्षांत पहिल्यांदा मी पास झाले होते. मी खुशीत शिरा केला.

दुसऱ्या सकाळी माझीच बेल वाजली. मी टपूनच बसले होते, झटकन दार उघडलं. दारात हिराकाकू, भास्करकाकांची बायको. कमरेवर टोपली, टोपलीवर ओलं फडकं. ती याच बिल्डिंगीत घरोघरी मासे द्यायची. गुडघ्यांपायी भरल्या टोपलीचं ओझं झेपेना तेव्हा तो धंदा सुटला, त्यालाही वर्षं झाली.

“काय देऊ गो बाय? बोंबील ताजं हाय.”

टोपलीत काहीच नव्हतं. आणि मी शहाणीने तिला तेच सांगितलं. काकू, टोपली रिकामी आहे, तुम्ही मासे विकणं कधीच सोडलंत.

तिने फडकं उचललं, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माणूस भर बाजारात हरवल्यावर बघतं तसं. ती तिथेच पायरीवर बसली. खालून काका धावत आले, अंग ओलं, कमरेला पंचा. म्हणजे ते आंघोळीला गेले की ही बाहेर पडायची. तिचा हात धरून एकेक पायरी उतरवत घेऊन गेले.

मला आजही त्यांचा राग येतो. अहो, आधी सांगायला काय झालं होतं? टाकीवरून तासभर भांडता, आणि हे एकट्याने गिळून बसता?

संध्याकाळी बोर्डावर माझ्या नोटिशीशेजारी त्यांचा कागद होता. लाल पेन्सिलीनेच लिहिलेला.

‘कळकळीची विनंती. सकाळी माझी पत्नी बेल वाजवील. आपण अजून मासे विकतो असं तिला वाटतं. टोपली रिकामी आहे हे तिला सांगू नये. आज सोमवार, उद्या ये, एवढंच म्हणावं. ती लगेच पुढे जाते. यापुढे मी जिन्यात असेन.’

मी माझी नोटीस फाडली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेसहाला बेल वाजली. काका अर्धा जिना खाली, कठडा धरून, मान खाली घालून उभे.

“काय देऊ गो बाय?”

“आज सोमवार ना काकू,” मी म्हटलं. “उद्या ये. मला बोंबील ठेव.”

“हां, सोमवार,” ती हसली. “ठेवते तुला.” तिने फडकं सारखं केलं आणि वरच्या मजल्याकडे वळली. वरचं दार उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ सोमवार ऐकू आला, मग त्याच्याही वर.

त्या दिवशी बुधवार होता.